आया इरिनीतल्या मैफलीच्या बाजूनं

10 जुलै 2020 रोजी तुर्कस्तानच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं इस्तंबूलच्या हागिया सोफियाला, म्हणजे आधी चर्च आणि मग मशीद असलेल्या वास्तूला, संग्रहालय ठरवणारा 1934 सालचा मंत्रिमंडळाचा निर्णय रद्द केला आणि 24 जुलैला तिथे शुक्रवारची नमाज झाली. इस्तंबूलशी आपला रोजचा काही संबंध नाही, तरी त्या दिवसांत मराठी फेसबुकवर आणि घरोघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर त्यावरून रणं माजली. एकाला त्यात अयोध्येसाठी दाखला सापडला, दुसऱ्याला धर्मनिरपेक्षतेच्या मरणाची बातमी दिसली, तिसऱ्याला मुसलमानांबद्दल आधीच ठरवून ठेवलेल्या मताचा पुरावा मिळाला. मे 2024 मध्ये त्याच शहरातलं खोरा चर्च, म्हणजे आजचं कारिये, मशीद म्हणून खुलं झालं तेव्हा तेच मुद्दे त्याच क्रमानं पुन्हा फिरले. या सगळ्या वादांचा पाया एकच आहे: ती वास्तू नक्की कोणाची? दीड हजार वर्षं जुन्या वास्तूबद्दल हा प्रश्न विचारला की उत्तर मिळत नाही, फक्त पक्ष पडतात. जो जितकं मागचं साल पकडेल तितका त्याचा दावा मोठा, आणि ज्याच्या हातात आज सत्ता त्याचा दावा खरा. एवढं भांडण झालं, पण हागिया सोफियाच्या शेजारी काय चाललंय हे कोणी पाहिलं नाही.

शेजारी आया इरिनी आहे. तोपकापी राजवाड्याच्या पहिल्या अंगणात, हागिया सोफियापासून चालत पाच मिनिटांवर उभं असलेलं हे ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेतलं, चर्च. रोजची ख्रिस्ती उपासना तिथे होत नाही आणि नमाजही होत नाही. तिथे मैफली होतात. 1973 साली इस्तंबूलचा पहिला महोत्सव भरला, आणि त्या महोत्सवामुळे हे चर्च त्या शहरातलं संगीताचं एक नावाजलेलं ठिकाण झालं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ज्या चर्चचा भक्तसमाज उरलेला नाही, किंवा इतका ओसरला आहे की तिथे रोजची उपासना चालणं शक्य नाही, ते संगीतासाठी आणि प्रदर्शनांसाठी खुलं ठेवणं हा त्या वास्तूचा अपमान नाही. उपलब्ध पर्यायांत तोच सर्वांत प्रामाणिक आहे. कसोटी मात्र कडक हवी: तो वापर दुसऱ्या दिवशी सकाळी उचलून बाजूला ठेवता आला पाहिजे, आणि त्यानं आधीचं काहीही झाकलं जाता कामा नये.

ही वास्तू काय आहे हे नीट पाहिल्याशिवाय पुढचं बोलण्यात अर्थ नाही. पहिलं चर्च चौथ्या शतकातलं. 381 सालची दुसरी विश्व-धर्मपरिषद, जिनं ख्रिस्ती श्रद्धेच्या मसुद्याला आज म्हटलं जाणारं रूप दिलं, ती इथे भरली असं परंपरा मानते. 532 च्या निका बंडात ते जळालं, सम्राट जस्टिनियननं ते पुन्हा उभारलं, 740 च्या भूकंपात ते पुन्हा खिळखिळं झालं. त्यानंतरची दुरुस्ती झाली ती मूर्तिभंजनाच्या काळात, पाचव्या कॉन्स्टंटाइनच्या कारकिर्दीत, जेव्हा चर्चमध्ये संतांच्या, ख्रिस्ताच्या, मेरीच्या प्रतिमा काढायला बंदी होती. म्हणून पूर्वेकडच्या अर्धघुमटात कोणाचाही चेहरा नाही. सोनेरी मोझेकच्या पार्श्वभूमीवर काळ्या रेषेनं आखलेला एकच मोठा क्रूस, पायऱ्यांच्या चौथऱ्यावर उभा. आत वळलेल्या पृष्ठभागावर सरळ रेघ काढली तर ती खालून वाकडी दिसते, हे त्या कारागिराला ठाऊक होतं. त्यानं क्रूसाचे आडवे बाहू मुद्दाम किंचित खाली झुकवले, आणि म्हणून जमिनीवरून पाहणाऱ्याला ते सरळ दिसतात. 843 साली प्रतिमांवरची बंदी कायमची उठली. हागिया सोफियाच्या अर्धघुमटात 867 साली बाळ येशूला घेऊन बसलेली मेरी आली. इथे मात्र तो मोकळा क्रूस तसाच राहिला. त्या काळातलं इतकं मोठं आणि इतकं शाबूत काम जगात फार कमी ठिकाणी उरलं आहे. क्रूसाखाली धर्मगुरूंनी बसायची पायऱ्यापायऱ्यांची अर्धवर्तुळाकार आसनं आहेत, ज्यांना सिंथ्रोनॉन म्हणतात, आणि त्यांच्या पोटातून जाणारा एक अरुंद बोळही अजून आहे.

1453 मध्ये शहर ऑटोमनांच्या हाती गेलं. बहुतेक मोठ्या चर्चांच्या हळूहळू मशिदी झाल्या, पण आया इरिनी कधीच मशीद झाली नाही. राजवाड्याच्या तटबंदीत सापडल्यामुळे ती जानिसारी, म्हणजे सुलतानाच्या खास, फौजेचं शस्त्रागार झाली आणि जवळपास तीन शतकं तशीच राहिली. नंतर तिथे जुनी शस्त्रं मांडून दाखवायला सुरुवात झाली. 1846 साली अहमद फेथी पाशानं तिथे जुन्या शस्त्रांचा आणि पुरातन वस्तूंचा संग्रह मांडला, आणि तुर्कस्तानातल्या संग्रहालयांचा इतिहास इथूनच मोजला जातो. बायझंटाइनांनी, म्हणजे ऑटोमनांच्या आधीच्या इथल्या ख्रिस्ती राज्यकर्त्यांनी, शत्रूची जहाजं अडवायला गोल्डन हॉर्न या शहरालगतच्या खाडीच्या मुखाशी जी साखळी ताणली होती, तिचे अवजड लोखंडी दुवेही या चर्चमध्ये ठेवलेले असत. म्हणजे आजच्या मैफलीनं एखादी जिवंत उपासना बाहेर काढली, हे इथे खरं नाही. उपासना गेली 1453 मध्ये. मैफल आली ती शस्त्रागार आणि लष्करी संग्रहालय यांच्या नंतर. तीनशे वर्षं बंदुका ठेवलेल्या जागेत कोणी गायलं, तर त्यात पावित्र्यभंग कुठे झाला?

या युक्तिवादानं प्रश्न मिटला असं मात्र मी म्हणत नाही, कारण समोरच्या बाजूकडे वजनदार मुद्दे आहेत. पहिला मुद्दा श्रद्धेचा. ऑर्थोडॉक्स परंपरेत एकदा अभिषेक झालेलं चर्च म्हणजे चार भिंती नव्हेत. त्यांच्या उपासनेत वाद्यं नसतात, फक्त मानवी कंठ असतो. आणि आया इरिनीत वाद्यवृंद बसतो कुठे? पूर्वेकडे, क्रूसाच्या समोर, जिथे एके काळी धर्मगुरूंखेरीज कोणाला पाऊल ठेवायची मुभा नव्हती. आपल्याकडे देवळात गाणं नवं नाही. सभामंडपात कीर्तन होतं, पखवाज वाजतो, लोक पाय पसरून ऐकतात. पण गाभाऱ्यात पेटी-तबला मांडून तिकिटं लावली तर आपल्याला कसं वाटेल? हा प्रश्न मी स्वतःला विचारतो तेव्हा ऑर्थोडॉक्स माणसाला होणारी वेदना मला परकी वाटत नाही. तरीही फरक आहे. गाभाऱ्याला गाभारेपण येतं ते मूर्तीमुळे, नैवेद्यामुळे, पहाटेच्या काकडआरतीमुळे. ज्या वेदीवर साडेपाच शतकांहून जास्त काळ नित्याचा प्रभुभोज, म्हणजे ख्रिस्ती उपासनेतला मुख्य विधी, झाला नाही, तिथे निषेध कोणत्या क्रियेचा करायचा? पावित्र्य उरतं ते त्या जागेच्या स्मृतीत, आणि स्मृतीचा मान राखायला दार बंद करावं लागत नाही. संगीताची निवड जपून करता येते. त्या घुमटाखाली आवाज बराच वेळ रेंगाळतो. तिथे समूहगान खुलतं आणि ढोलाताशासारखा दणका नुसता गोंगाट होतो. तिथे काय शोभतं हे वास्तूच पुष्कळसं सांगते.

दुसरा मुद्दा याहून कठीण आहे, आणि तो टाळून पुढे जाणारा माणूस मला खरा वाटत नाही. भक्तसमाज उरला नाही असं आपण सहज म्हणतो. पण तो आपोआप आटला का? ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यातल्या 1923 च्या लोकसंख्या अदलाबदलीतून इस्तंबूलच्या ग्रीकांना वगळलं होतं. तेव्हा या शहरात लाखभर ग्रीक ऑर्थोडॉक्स लोक होते. 6 आणि 7 सप्टेंबर 1955 च्या दंगलीत त्यांची दुकानं, घरं, शाळा, चर्चं फोडली गेली. 1964 मध्ये ग्रीक नागरिकत्व असलेल्या सुमारे 12 हजार जणांना देशाबाहेर काढलं, आणि त्यांच्यामागे त्यांची कुटुंबंही गेली. 1971 मध्ये इस्तंबूलजवळच्या हाल्की बेटावरची ऑर्थोडॉक्स धर्मविद्येची शाळा बंद पडली, म्हणजे नवे धर्मगुरू घडवायची सोयही संपली. आज तिथे उरलेत काही हजार लोक. ज्यांनी हे होऊ दिलं त्याच राज्यसंस्थेनं मग रिकाम्या चर्चमध्ये मखमली खुर्च्या मांडून संस्कृतीचं कौतुक करायचं, हा आरोप निराधार नाही. माणसं घालवली आणि वास्तू ठेवली, असा त्याचा अर्थ होतो.

मी हा आरोप मान्य करतो आणि तरीही माझ्या जागेवरून हलत नाही. कारण पुढचा प्रश्न असा की मग करायचं काय? ते चर्च पूर्ण वेळच्या उपासनेसाठी परत द्यायचं तर इस्तंबूलच्या फेनेर भागातल्या पॅट्रिआर्कीकडे, म्हणजे ऑर्थोडॉक्स धर्मपीठाकडे, आजही आहेत तीच चर्चं भरण्याइतकी माणसं नाहीत. कुलूप लावायचं तर पाच-पंचवीस वर्षांत छत गळतं आणि मोझेकचे तुकडे सुटू लागतात. तिसरा मार्ग 2020 साली शेजारीच दाखवला गेला आहे. हागिया सोफियात आता तळमजला नमाजींसाठी आहे. संगमरवरी फरशी गालिच्याखाली गेली आहे आणि 867 सालची मेरी नमाजी लोकांच्या नजरेस पडू नये म्हणून पडद्याआड. जानेवारी 2024 पासून परदेशी पाहुणे 25 युरो मोजून वरच्या सज्जात जातात. मशीद म्हणून प्रार्थना करणाऱ्यांच्या श्रद्धेबद्दल माझी काहीच तक्रार नाही. माझी तक्रार पडद्याबद्दल आहे. एका समाजाची उपासना चालावी म्हणून दुसऱ्याची निशाणी झाकावी लागते, हे त्या वापराचं लक्षण आहे आणि त्याला इलाज नाही. मैफलीला क्रूस झाकावा लागत नाही. आया इरिनीत बसलेला तुर्क, ग्रीक, जपानी, मराठी माणूस दोन तास त्या क्रूसाकडेच तोंड करून बसतो. 1955 ची आठवण कोणाला करून द्यायची असेल, तर ती कोणत्या छताखाली शक्य आहे?

‘सांस्कृतिक केंद्र’ हे लेबल आपोआप निरागस ठरतं असं समजणाऱ्या माझ्या पुरोगामी मित्रांनाही दोन गोष्टी सांगायला हव्यात. सोव्हिएत संघात संस्कृती हेच हत्यार होतं. लेनिनग्राडच्या कझान कॅथीड्रलमध्ये 1932 साली धर्म आणि नास्तिकतेच्या इतिहासाचं संग्रहालय थाटलं गेलं. मॉस्कोचं ख्राइस्ट द सेव्हियर कॅथीड्रल 1931 मध्ये सुरुंग लावून पाडलं आणि पुढे त्या जागी जलतरण तलाव केला. रीगाच्या ऑर्थोडॉक्स कॅथीड्रलचे क्रूस उतरवून 1960 च्या दशकात तिथे तारांगण आणि व्याख्यानगृह काढलं. ही सगळी लोकशिक्षणाची कामं म्हणून मिरवली गेली, आणि बाहेर उपासक जिवंत होते, दाराकडे बघत उभे होते. मॉस्कोचं कॅथीड्रल पुन्हा बांधलं गेलं, रीगाचं भक्तांकडे परत गेलं, आणि दोन्ही योग्य झालं. जिथे समाज जिवंत आहे आणि वास्तू मागतो आहे, तिथे मैफलीचा हक्क दुय्यम आहे. पीटर्सबर्गच्या स्मोल्नी कॅथीड्रलमध्ये वर्षानुवर्षं मैफली होत. गेल्या दशकात ते चर्चकडे गेलं, आणि त्यावर मला आक्षेप घेता येत नाही.

पण त्याच पीटर्सबर्गच्या सेंट आयझॅक कॅथीड्रलचं प्रकरण वेगळं आहे. तिथे संग्रहालय आहे आणि 1990 पासून उपासनाही पुन्हा सुरू झाली आहे. 2017 साली राज्यपालांनी ती वास्तू ऑर्थोडॉक्स चर्चच्या ताब्यात द्यायची घोषणा केली तेव्हा शहरातले हजारो लोक रस्त्यावर उतरले आणि हस्तांतर अडलं. त्या निदर्शकांना धर्मद्वेष्टे ठरवणं सोपं होतं. त्यांचं म्हणणं इतकंच होतं की उपासनेला तिथे आज कोणी अडवत नाही, मग एकट्याचा ताबा कशासाठी? उपासनेचा हक्क आणि ताब्याचा हक्क या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आपल्याकडच्या वादातही त्या सरसकट एकत्र कालवल्या जातात आणि तिथेच सगळा घोळ होतो.

हे फक्त तुर्कांना आणि रशियनांना सुनावण्यासारखं आहे असंही कोणी समजू नये. ग्रीकांच्या थेसालोनिकीत रोतुंदा नावाची गोल वास्तू आहे. रोमन सम्राट गॅलेरियसच्या काळात बांधलेली, मग चर्च, 1591 च्या सुमारास मशीद, 1912 नंतर पुन्हा चर्च, आणि पुढे संग्रहालय. तिचा मिनार आजही उभा आहे. 1990 च्या दशकात तिथल्या मैफलींवरून कट्टर मंडळींनी इतका धुडगूस घातला की एक मैफल उधळली गेली. शेवटी तोडगा निघाला तो असा की वास्तू पुरातत्त्व खात्याकडे राहील आणि ठरावीक सणांना तिथे उपासना होईल. त्याच शहरात 1902 साली दोनमे समाजासाठी, म्हणजे मूळच्या ज्यू पण इस्लाम स्वीकारलेल्या लोकांसाठी, बांधलेली येनी जामी आहे. वीस-एकवीस वर्षांत तो समाज अदलाबदलीत तुर्कस्तानात गेला, मशिदीचं पुरातत्त्व संग्रहालय झालं, नंतर प्रदर्शन-सभागृह. आणि एप्रिल 2024 मध्ये, सुमारे शंभर वर्षांनी, तिथे ईदची नमाज झाली. हे शक्य का झालं? कारण मधल्या काळात तिथे चित्रं टांगली गेली, शिल्पं मांडली गेली, पण कोणी तिचं चर्च केलं नव्हतं. चर्च केलं असतं तर एका दिवसासाठीही दार उघडता आलं नसतं. माझ्या मते या साऱ्या वादातला सर्वांत बोलका दाखला हाच आहे, आणि तो दोन्ही छावण्यांना गैरसोयीचा असल्यामुळे फारसा कोणी देत नाही.

आपल्याकडे याला समांतर अशी उदाहरणं थोडी आहेत, पण आहेत. मुंबईच्या फोर्टमध्ये 1796 साली बांधलेलं आर्मेनियन चर्च आहे. मुंबईतले आर्मेनियन व्यापारी काळाच्या ओघात जवळजवळ नाहीसे झाले, आणि तिथे सिरियन ऑर्थोडॉक्स परंपरेतले मलयाळी ख्रिस्ती उपासना करू लागले. नात्यातला समाज असा हात पुढे करत असेल तर त्याहून चांगलं काही नाही, आणि तिथे मैफलीचा विषयच काढू नये. ओल्ड गोव्याच्या टेकडीवर अवर लेडी ऑफ द माउंटचं चॅपेल आहे. तिथे भरणाऱ्या मॉन्ते संगीत महोत्सवात पाश्चात्त्य संगीताच्या जोडीला भारतीय शास्त्रीय गायन-वादनही होतं. त्यानं त्या टेकडीवरच्या भाविकांच्या श्रद्धेला ओरखडा गेलेला नाही. वेरूळमध्येही कैलास लेण्याच्या साक्षीनं महोत्सव झाले. पुढे ते संभाजीनगरच्या सोनेरी महालाकडे हलले. दगडाला होणारा त्रास वाढत असेल तर मैफलीनंच जागा सोडायची असते, आणि मैफलीला ते जमतं.

उरतो पैशाचा मुद्दा. आज समूहगान, उद्या फॅशन शो, परवा एखाद्या कंपनीची मेजवानी, ही भीती खरी आहे. भाडं मिळतं म्हटलं की खात्यांचा तोल सुटतो, हे कोणत्याही देशातल्या नागरिकाला सांगावं लागत नाही. म्हणून आया इरिनीसारख्या ठिकाणी नियम लेखी आणि जाहीर असावेत. भिंतीत खिळा नाही, मोझेकवर प्रखर दिवे नाहीत, खाणंपिणं नाही, वर्षाला किती कार्यक्रम याला मर्यादा. कोणते कार्यक्रम घ्यायचे हे ठरवणाऱ्या समितीत पॅट्रिआर्कीचा माणूस असलाच पाहिजे. तिकिटातला ठरावीक भाग थेट मोझेकच्या देखभालीला जावा. दारावरच्या फलकावर जस्टिनियन आणि फेथी पाशा यांच्यासोबत 1955 आणि 1964 ही सालंही असावीत, तुर्की, ग्रीक आणि इंग्रजीत. आणि वर्षातला एक दिवस ऑर्थोडॉक्स समाजाला प्रभुभोजासाठी हक्कानं मिळावा. कोणाच्या मेहरबानीवर तो अवलंबून नसावा.

एक दिवस दिला की उद्या ते पूर्ण वास्तू मागतील, असं तुर्कस्तानातले राष्ट्रवादी म्हणतात. त्यांच्याच देशातला अनुभव याच्या उलट आहे. ट्रॅबझोनजवळच्या कड्यात वसलेल्या सुमेला मठात 15 ऑगस्ट 2010 रोजी पॅट्रिआर्क बार्थोलोम्यू यांनी 88 वर्षांनंतर पहिल्यांदा उपासना केली. पुढच्याच महिन्यात, 19 सप्टेंबरला, व्हान सरोवरातल्या आख्तामार बेटावर आर्मेनियन लोकांनी 95 वर्षांनी प्रभुभोज साजरा केला. दुरुस्तीची वर्षं वगळली तर सुमेलाची ऑगस्टमधली उपासना चालूच आहे. दूरदूरहून लोक येतात, मेणबत्त्या लावतात, रडतात, परत जातात. मठ तुर्कस्तानच्या संस्कृती खात्याच्याच ताब्यात आहे आणि इतर दिवशी तिथे नेहमीसारखे पर्यटक येतात. जे एका डोंगरातल्या मठात पंधरा वर्षं जमतंय, ते राजवाड्याच्या अंगणातल्या चर्चमध्ये न जमण्याचं एकही कारण मला दिसत नाही.